ऐनाची टहाळी

कोंडाणे गावच्या धाकलूने साऱ्या आयुष्यात चारचौघांत दोनदाच तोंड उघडले, आणि दोन्हीदा तेच त्याला नडले.

भाताचे रोप धरायचे तर उन्हाळ्यात राब भाजावा लागतो. झाडाच्या टहाळ्या, शेण, पालापाचोळा जमिनीवर पसरून जाळायचे आणि त्या राखेत बी टाकायचे. डोंगराखालच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. मग रान सरकारी झाले, टहाळ्या तोडायला बंदी आली आणि रोपे पिवळी पडू लागली. अर्जांवर अर्ज झाले, तेव्हा कुठे चौकशीला एक साहेब खालापूरला यायचे ठरले. पाच गावांनी धाकलूला पुढे केले, कारण तो खोटे बोलत नाही असा त्याचा लौकिक होता. अशा माणसाला पुढे करायला गावाला फार आवडते.

निघताना शेजारच्या चांगोने स्वतः रानात जाऊन ऐनाची टहाळी तोडून आणली. "सायबाला दाव रं. म्हनावं, आमी एवढंच तोडतो, बुंध्याला हात लावत नाय." धाकलूला ते पटले. बिचारा!

साहेबासमोर नाना वकील उभे होते. रानातल्या कोळशाचा मक्ता ज्या शेठकडे, त्याचे ते वकील. धाकलूने सरळ सांगितले, "सायेब, टहाळी काढली की फुडल्या साली पुन्ना फुटते. राब नाय तर भात नाय."

नानांनी राबाबद्दल अवाक्षर काढले नाही. "तुझा भाऊ तुरुंगात होता ना रे?"

"व्हता जी, मारामारीपायी. पन त्याचा अन् राबाचा..."

"होता की नव्हता?"

"व्हता."

लोक हसले. "साहेब, रान जाळायची मुभा मागायला हा कैद्याचा भाऊ आलाय," नाना म्हणाले. रान जाळायचे नाव धाकलूने घेतलेच नव्हते. तो गडबडला आणि घाईघाईने टहाळी पुढे केली. नानांनी ती उलटसुलट पाहिली आणि गोड आवाजात विचारले, "ही कुठून आणलीस, बाबा?"

"रानातली हाय."

"सरकारी रानातली? परवाना होता?"

चांगो समोरच बसला होता. धाकलूने त्याच्याकडे पाहिले, तशी त्याने मान खाली घातली. "परवाना नाय जी," धाकलू म्हणाला.

त्याला आठ दिवस कोठडी झाली. बंदी होती तशीच राहिली, आणि पाची गावे म्हणू लागली की धाकलूने घात केला. घरी आल्यावर बायको सोनाबाईने विचारले, "चांगोभावजींचं नाव का नाय घेतलंत?"

"कुनी इच्यारलं नाय," तो म्हणाला.

चार वर्षांनी चांगोने शेताचा बांध दोन हात धाकलूच्या जमिनीत सरकवला. बैठक बसली. धाकलू उभा राहून जुन्या खुणेचा दगड दाखवू लागला. चांगोने दगडाकडे बघितलेदेखील नाही. नानांची ती बोलायची रीत त्याने चांगली ध्यानात ठेवली होती.

"टहाळीचोरानं आमाला बांध शिकवू नये!"

बैठक खदखदून हसली. धाकलूचा संताप अनावर झाला. "ती टहाळी तूच तोडून दिलीस रं, चांगो!"

"घ्या," मागून कुणीतरी म्हणाले, "आता खोटंबी बोलाया लागला."