विसर्जनाची बादली आणि दुधीची भाजी

आर. के. पुरमच्या आमच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमागे सासूबाईंची बाग आहे. बाग म्हणजे मेथीचे दोन वाफे आणि कडेला एक मांडव. पण नातीच्या ताटात आपल्या हातची भाजी पडली, की आईंना दिल्लीही आपली वाटते.

यमुनेत विसर्जन बंद झाल्यापासून इथली मराठी घरं बादलीतच गणपती विसर्जित करतात. ते पाणी पायदळी जाऊ नये म्हणून आई चार घरच्या बादल्या हौसेने मागून आणत आणि वाफ्यात ओतत. लाल, पिवळं, सोनेरी पाणी. देवाचंच ते!

वरच्या मजल्यावरची शेजारीण मृदाशास्त्रज्ञ, जन्माने दिल्लीकर. तिने हे पाहिलं, मूठभर माती तपासायला नेली आणि काही दिवसांनी येऊन हळूच म्हणाली, "काकू, रंगातलं शिसं आणि कॅडमियम मातीत उतरलंय. पालेभाजी बिल्कुल नको, ती जास्त ओढून घेते."

नातीचं रक्त तपासलं, ते सुदैवाने ठीक निघालं. तरी आईंनी मेथी उपटली आणि बागेकडे पाठ फिरवली. आपणच लेकराला विष घातलं, हे त्यांच्या मनातून जाईना. मला रंगवाल्यांचा असा राग आला, की देवालाही दोन शब्द सुनावले.

शेजारणीने मात्र पिच्छा सोडला नाही. शेणखत आणवलं, शिसं मातीतच अडकून राहावं म्हणून फॉस्फेट घातलं, वर थोडं झिंक.

"झिंक कशाला गं?" आईंनी विचारलं.

"भुकेला माणूस मिळेल ते खातो ना, काकू? मुळांना झिंक कमी पडलं, की ती कॅडमियम जास्त घेतात. पोट भरलेलं असलं की कमी."

"अच्छा," आई म्हणाल्या आणि खुरपं शोधायला उठल्या. पुढचे सगळे गणपती बिनरंगी शाडूचे, असं त्यांनी चारही घरांना बजावलं.

उन्हाळ्यात मांडवावर दुधी लागले. फळात धातू कमी उतरतात, तरी शेजारणीने एक तपासून घेतला आणि चालेल म्हणाली. आईंनी चणाडाळ घालून भाजी केली. नातीला वाढताना मात्र त्यांचा हात थबकला.

शेजारीण समोरच बसली होती. तिला दुधी आवडत नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक. तिने आपलं ताट पुढे केलं.

"आधी मला, काकू."

तिने सगळी भाजी संपवली आणि पुन्हा मागितली. तिचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आईंनी तिला वाढलं, आणि मग नातीला.