फुगडीला दोघी लागतात

पुण्यात मी एका दैनिकात उपसंपादक होते. 'गावात चमत्कार' छापाच्या बातम्या टोपलीत टाकणं हा कामाचा भाग होता आणि तो मी आवडीने करायचे. पुढचा मजकूर दुसऱ्या कुणी पाठवला असता तर तोही तिथेच गेला असता. म्हणून फक्त जे पाहिलं, तेवढंच लिहिते.

आम्ही शारजात, अल नहदाला राहतो. मुलगी रिया अकरावीत, दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत. तिची मैत्रीण सई त्याच वर्गात आणि आमच्याच टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर. शाळेच्या अ‍ॅन्युअल डेला लोकनृत्यांचा कार्यक्रम होता. महाराष्ट्राच्या वाट्याला मंगळागौर आली, आणि तिच्यात या दोघींची फुगडी. सराव आमच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून चालायचा.

सईची आई मानसी दारातून ओरडायची, "अगं घोड्यांनो, खालच्यांचा पंखा पडेल त्यांच्या डोक्यात!"

"गुड, आंटी! दे नेव्हर स्माइल इन द लिफ्ट," रिया म्हणायची.

कार्यक्रमाला दीड-दोन महिने होते, तेव्हा सईला ताप आला. मेंदूज्वर निघाला. आठवडाभरात ती गेली. आईवडील तिला घेऊन कोल्हापूरला गेले आणि नोकरी इथे, म्हणून महिन्याभरात परतले.

रिया रडली नाही. जेवायची, ट्यूशनला जायची, विचारलं की "आय अ‍ॅम फाइन, आई" म्हणायची. पण रोज संध्याकाळी सोफा सरकवून, दोन्ही हातांची फुली पुढे धरून ती उभी राहायची. समोर कुणी नाही.

"काय करतेस?"

"प्रॅक्टिस."

शाळेच्या कौन्सेलरने वेळ द्या म्हणून सांगितलं. मी वेळ दिला. पण ही मुलगी आता आमच्यात परत येते की नाही, याची मला भीती वाटू लागली होती.

डान्सच्या मॅडमनी दुसरी जोडीदार देऊ केली. रियाने नकार दिला. "ठीक है बेटा, तुम अकेले एक गिरकी ले लो," मॅडम म्हणाल्या. रंगीत तालमीत तिने गिरकीच घेतली.

कार्यक्रम दुपारी होता. मानसी येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली, माझ्या शेजारी बसली. "घरात भिंती बघत बसू का?" म्हणाली.

फुगडी सगळ्यांनी पाहिलेली असते, तरी एक गोष्ट नोंदवते. हात गुंफून, चवडे जुळवून दोघी मागे झुकतात आणि एकीचं वजन दुसरी पेलते. एकीने हात सोडला की दुसरी पाठीवर आपटते. एकटीने ती घालता येत नाही.

मुलींचं कडं बाजूला झालं. रिया मध्ये आली, हातांची फुली पुढे केली, आणि मागे झुकली. ती पडली नाही. फिरू लागली... मुठी कशावर तरी आवळलेल्या, कोपरं ताठ, वेणी हवेत आडवी. इतकी झुकलेली की कुठल्याही माणसाचा तोल जावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोरी लावलीय, असं मागे कुणीतरी म्हणालं.

वेग वाढला. मग तिचा चेहरा दिसला. ती काहीतरी बोलत होती. पुढच्या फेरीत मला ओठ कळले — "सोड. सई, सोड."

मॅडमनी खूण केली, गाणं बंद झालं. फुगडी चालूच. शांत सभागृहात लाकडी स्टेजवर पावलं वाजत होती. तो आवाज एकीच्याच पावलांचा होता. मुद्दाम लिहिते, कारण दोघींचा ऐकला असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

मी स्टेजवर धावले. मागून तिच्या कमरेला मिठी मारली — आणि मीही ओढली गेले. पुढच्या बाजूने ओढ होती. जड, जिवंत ओढ. माझे पाय घसरत होते, रियाचा श्वास लागला होता.

तेव्हा खालून मानसीचा आवाज आला. किंचाळी नव्हे, जेवायला बोलावताना चढतो तेवढाच आवाज.

"सई! पुरे. सोड तिला. सोड म्हणते ना!"

आम्ही दोघी मागे कोसळलो.

ग्रीन रूममध्ये रिया रडली. सई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि बराच वेळ. डॉक्टरांनी दोन्ही मनगटं ताणली गेल्याचं सांगितलं. फिजिक्सच्या सरांना मी विचारलं. असा तोल एखादा क्षण राहू शकतो, त्याहून जास्त नाही, असं ते म्हणाले. व्हिडिओ आहेत. मुलगी अल्पवयीन आहे, ते इथे टाकणार नाही. खोटं वाटलं तर माझी हरकत नाही.

रिया आता नीट आहे. भांडते, हसते, सईचं नाव घेते. हात पुढे करून उभी राहत नाही.

काही दिवसांनी मानसी घरी आली. रियाला जवळ घेऊन तिने विचारलं, "कशी होती गं ती?"

रियाने आधी माझ्याकडे पाहिलं. "लाफिंग, आंटी. आय टोल्ड हर टू स्टॉप. शी वॉज जस्ट लाफिंग."

रिया आत गेली. मी चहा ठेवला. मानसी ओट्याला टेकून उभी होती.

"एका हाकेत ऐकलं गं तिने," ती म्हणाली. "जन्मात कधी ऐकलं नव्हतं." मग कप माझ्याकडे सरकवत, "मी घाई केली का? अजून दोन फेऱ्या होऊ द्यायला हव्या होत्या?"

त्या दुपारी काय झालं याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मानसीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला लगेच सुचलं होतं. माझी मुलगी जिवंत होती, शेजारच्या खोलीत. मी चहा गाळला.