दीड वाटी पाणी

धोंडू कुबल दूध आणायला नाक्यावर गेला, तेवढ्या वेळात त्याच्या बायकोने, मथुराने, होडीच्या इंजिनाच्या पेट्रोलची टाकी उघडली आणि आत दीड वाटी पाणी ओतलं. वाटी आमटीची होती. झाकण घट्ट लावून, टाकी होती तिथे सरकवून, वाटी दोनदा घासून ती चुलीपाशी येऊन बसली. छातीत असं धडधडत होतं की दुखणं नवऱ्याला आहे की आपल्याला, हेच तिला कळेना.

मथुरा काही कपटी बाई नव्हे. उलट तिच्या पोटात काही राहत नाही अशी मालवणच्या मासळी बाजारात तिची ख्याती. सुरमई कालची असेल तर "कालची आसा, व्हयी तर घे" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारी. पर्यटक बिचारे हे ऐकून आधी गोंधळायचे आणि मग तीच सुरमई घेऊन जायचे. तिचं माहेर खारेपाटणचं. तिथे खाडी आहे, लाट नाही. लग्न होऊन इथे आली तेव्हा नवरा होडी घेऊन गेला की ती तो परत येईपर्यंत दारात उभी राहायची आणि सासू पोट धरून हसायची. पुढे सवय झाली. भीती गेली असं नव्हे, दारात उभं राहणं तेवढं सुटलं. अठ्ठावीस वर्षं तिने मासे विकता विकता धोंडूची वाट पाहिली, आणि अठ्ठावीस वर्षं तो परत आला.

मेच्या शेवटच्या आठवड्यातही आला. येताना भर समुद्रात इंजिन बंद पडलं होतं. एकट्याने दोरी ओढून ओढून त्याने ते सुरू केलं, होडी वाळूला लावली, चालत घरी आला आणि ओटीवर टेकून म्हणाला, "छातीत जळजळता." मथुराने त्याला सोलकढी दिली. एक पेला, वर आणखी अर्धा. पित्तच आहे म्हणून पाठही चोळली. तासाभराने त्याचे ओठ काळेनिळे दिसायला लागले तेव्हा कुठे तिने शेजारच्या परशुरामाला हाक मारली, आणि परशुरामाने गाडी काढून त्याला थेट गोव्याच्या इस्पितळात नेलं. हृदयाचा झटका होता, पण धोंडू वाचला. पण तो तास मथुराच्या जिवाला असा लागून राहिला, की पुढे जूनभर घरात सोलकढी झाली नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं होतं, काम काय करता? धोंडूने सांगितलं. इंजिन कसलं? तेही सांगितलं, हाताने दोरी ओढून सुरू करायचं, सोळा वर्षांचं जुनं. डॉक्टर म्हणाले, हलकं काम करा, फिरा, पण ती दोरी नको. हिसका बसेल असं काहीच नको. धोंडूने शहाण्या मुलासारखी मान हलवली. मथुराने ती मान ओळखली. लग्नात "विड्या सोडतंय" म्हणून हलवली होती तीच.

जून-जुलै पावसात आणि मासेमारीच्या बंदीत गेले, म्हणून निभावलं. ऑगस्ट उजाडला तसा धोंडू घरापुढच्या खळ्यात येरझारा घालायला लागला. त्याच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. समुद्रातून आलं की इंजिन गोड्या पाण्यात चालवायचं हा त्याचा नेम. पिंपात पाणी भरायचं, इंजिनाचा पाय त्यात बुडवायचा आणि पाव तास चालू ठेवायचं, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघतं. सोळा वर्षांत हे चुकलं नव्हतं. पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा मांडवात पाहुणे आणि मागच्या दारी इंजिनाची घरघर. मेमध्ये मात्र ते तसंच राहिलं. दोन महिने आतल्या नळ्यांत खारं पाणी सुकत होतं.

"डॉक्टरान माझ्या शिरांचा चित्र दाखवल्यान मा, तसाच जाला असतला आतमदी," तो म्हणाला. "धुवूक व्हया गो. नुसता धुतंय. दर्यात खंय जातंय मी?"

नुसता धुतंय! आज इंजिन सुरू झालं की उद्या होडी पाण्यात, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पुन्हा समुद्रात ते बंद पडलं तर दोरी कोण ओढणार? तिथे तो एकटाच. भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, कुडाळच्या लेकीला फोनवर रडायला लावून पाहिलं. शेवटी काल संध्याकाळी परशुरामाने येऊन इंजिन उचलून पिंपाच्या फळीवर चढवून दिलं. विहिरीचं पाणी मथुराने स्वतः ओढून पिंप भरलं, कारण नाहीतर ते त्याने ओढलं असतं. आणि आज सकाळी तिने वाटी उचलली. तिचा हिशोब सरळ होता. पाणी खाली बसेल, इंजिन आधी तेच ओढेल, ते काही केल्या सुरू होणार नाही. धोंडू दोन-तीनदा दोरी ओढेल, वैतागेल, "मेला एकदाचा" म्हणेल आणि सुटेल.

धोंडू दूध घेऊन आला, चहा प्यायला आणि खळ्यात गेला. पहिल्यांदा ओढली. इंजिन खोकल्यासारखं करून गप्प. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा. मथुरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता वैतागेल, आता सोडेल. त्याने प्लग काढला, शर्टाला पुसला, ठिणगी बघितली. ठिणगी छान पडत होती.

"पेट्रोल जास्त चढलाहा," तो स्वतःशीच म्हणाला. "सुकवूक व्हया."

सुकवायचं म्हणजे प्लग काढून ठेवून दोरी ओढत राहायची. आठदा, दहादा. एवढी अठ्ठावीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस न चालणारी वस्तू कधी सोडून देत नाही, हे ती पाणी ओतताना विसरलीच होती. रेडिओ असो, गंजलेली कडी असो की रुसलेली सासू, धोंडू चिकटून बसायचा. समुद्रापासून त्याला वाचवायला ती गेली, आणि डॉक्टरांनी जे करू नको म्हटलं तेच तिने त्याला घराच्या खळ्यात करायला लावलं होतं.

"अवो, पुरे आता. ऱ्हवांदे," ती म्हणाली.

"गप रव गो."

दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे परशुराम जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली. "काय रे धोंडू? दोन म्हयने तोंड दाखवक नाय, म्हणान रुसला काय तुझा इंजिन?"

परशुरामाच्या मनात काही नव्हतं, रोजची थट्टा. पण धोंडूची मान ताठ झाली. आजारी माणसाकडे बघतात तसं त्याच्याकडे कोणी बघितलेलं त्याला खपत नसे. त्याने प्लग लावला, पाय रोवला आणि ओढली. पुन्हा ओढली. मथुरा मोजत होती. चौदा. पंधरा. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. सोळाव्या खेपेला तो थांबला, इंजिनाच्या टपावर हात ठेवून वाकला आणि तसाच राहिला. मथुरा त्याचे ओठ बघायला धडपडली, पण ऊन त्याच्या मागून येत होतं, तोंड नुसतं काळं दिसत होतं. आपण त्याला मारतोय, तिला वाटलं. मे महिन्यात सोलकढी पाजून उशीर केला, आता वाटीभर पाण्याने पुरा करतोय.

त्याने पुन्हा दोरीला हात घातला.

"ओढू नकात!" ती किंचाळली आणि पायातली चप्पल सोडून चिखलातून धावली. "पाणी घातलंय मी! पेट्रोलात पाणी घातलंय!"

परशुरामाची सुई थांबली. धोंडूने दोरी सोडली. बायकोकडे तो असं बघत राहिला की जणू तिला ओळखतच नाही.

"किती?"

"दीड वाटी."

धोंडू हळूच उलट्या बादलीवर बसला. तिने त्याच्या मनगटाला हात लावला, कपाळाला लावला. घाम होता, पण अंग ऊन होतं. बराच वेळ त्याला श्वास पुरेना. मग त्याने विचारलं, "गोडा काय खारा?"

"बावीचा," ती विहिरीकडे बोट करून रडत म्हणाली.

"मग चलात. खारा असता तर इंजिन गेला असता."

एवढंच. तिला वाटलं होतं तो ओरडेल, हात उगारेल. त्याने फक्त बसल्या जागेवरून काय काय करायचं ते सांगितलं आणि मथुराने ते केलं. टाकी रिकामी केली. इंजिनाच्या खालचा एक स्क्रू सोडला, तिथून पाण्याचे मणी मणी असलेलं पेट्रोल ठिबकलं. दारातल्या मोटारसायकलचं पेट्रोल काढून त्यात ऑइल कालवलं आणि टाकीत ओतलं. मग दोरीकडे दोघांनीही एकदमच बघितलं.

"माका दिया," मथुरा म्हणाली.

माशांच्या पाट्या डोक्यावर वाहिलेली बाई, हातात जोर कमी नव्हता, पण ढब नव्हती. पहिल्यांदा दोरी अर्ध्यातच अडकली, दुसऱ्यांदा कोपर फळीवर आपटलं. "आदी हळू, मगे एकदम," तो म्हणाला. सातव्या खेपेला इंजिन भडभडून सुरू झालं. निळा धूर खळ्यात पसरला आणि पिंपातलं पाणी उसळायला लागलं. धोंडूने इंजिनाच्या मागच्या भोकाखाली हात धरला. तिथून पाण्याची धार यायला हवी, नाहीतर आत मीठ धरलं. काही येईना. मथुराही श्वास रोखून बघत राहिली. मघापर्यंत हे इंजिन मरावं म्हणून धडपडणारी ती, आता त्या भोकाला मनातल्या मनात हात जोडत होती. मग एक तांबूस चूळ आली, थांबली, आणि धार लागली.

पाव तास ते चाललं. मग त्याने पेट्रोलची नळी काढून घेतली, आत होतं तेवढं संपलं आणि इंजिन आपोआप बंद झालं. अंगण एकदम शांत झालं.

"तीनदा ओढलंय आणि सुरू जावक नाय," धोंडू अगदी हळू म्हणाला, "तेवा माका बरा वाटला."

मथुराला नीट कळलं नाही.

"बरा वाटला. म्हटलंय, आता जावक नको. इस्पितळातसून भिया बसला गो माका. राती डोळो लागता आणि इंजिन बंद पडता. सगळीकडे पाणी, आणि हात वर जाणा नाय."

"मगे ओढीत कित्याक ऱ्हवलात? सोळा वेळा?"

त्याने फक्त एकदा गडग्याकडे बघितलं.

मथुराला भयंकर राग आला. गडग्यापलीकडच्या माणसाने काय म्हणावं म्हणून हा माणूस तिच्या डोळ्यांसमोर मरणार होता, आणि ती वाटी लपवून मुकाट बघत राहणार होती. "सांगूचा तरी होतात माका!" ती म्हणाली. "मी काय परकी?"

"तू तरी खंय सांगलंस?"

मथुरा खाली बसली. मग धोंडू बादलीवरून उठला, गुडघे झटकले आणि गडग्यापाशी गेला. परशुराम मान खाली घालून भराभर जाळं शिवत होता, जणू सकाळपासून त्याने काही ऐकलंच नव्हतं.

"परशुराम," धोंडू म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, रस्त्यावरही ऐकू गेला असता. "माझ्यान दोरी ओढूक जमाची नाय आता. एकट्याक जावक भिया वाटता. येतलंस माझ्यावांगडा?"

परशुरामाने थट्टा केली नाही. सुई जाळ्यात खोवून ठेवली. "येतंय," तो म्हणाला. "कितक्याक निघाचा?"

मथुरा ओल्या खळ्यात तिथेच बसली होती. धोंडूला कोणाकडे काही मागताना तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं. एवढं मागायला लागलं म्हणजे हा किती भ्याला असेल, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.