पार्सलचं पीठ

डॉक्टरांनी गहू बंद केला तेव्हा मालकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा ठाण्याला नोकरीला, जव्हारच्या घरात मी एकटी. तुमच्या पोटाला गहू सोसत नाही, कणभरही नको, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला हसूच आलं. माहेरी, साखरशेतला, लहानपणी आम्ही गहू खाल्लाच नव्हता. भात नि नागलीची भाकरी. मालकांना कचेरीत नोकरी लागली नि घरात चपाती आली. मग नागली चारचौघांत खायची लाज वाटू लागली.

आता परत नागली आणली, गिरणीवर दळली, तरी पोट बिघडायचंच. डॉक्टर म्हणाले, "गिरणीत आधी गहू दळलेला असतो, तो तुमच्या पिठात उतरतो." तेव्हापासून मुलगा दर महिन्याला बंद पाकिटातलं पीठ घेऊन यायचा. शनिवारी आला की रविवारी दुपारच्या एसटीनं परत. एवढ्यासाठी तो आजार मला बरा वाटायचा.

एकदा फोनवर म्हणाला, "आई, हे पीठ आता इंटरनेटवर मिळतं. मी ऑफिसातून मागवतो, ते पोस्टानं तुझ्या दारात येईल. मला खेप घालायला नको."

"बरं," मी म्हटलं.

खोकं आलं. पोस्टमननं वरचं इंग्रजी वाचलं. "काकू, यात तर नागलीच आहे की! मुंबईला जाऊन साहेब होऊन आली वाटतं." मी सही केली. मला सहीला वेळ लागतो, तो थांबला.

संध्याकाळी फोन आला. "मिळालं का?"

"मिळालं."

"चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे."

खरं तर त्या पिठाची भाकरी थापतानाच फुटायची. पण खोकं आलं की फोन येतो, एरवी येईलच असं नाही, हे मला कळलं होतं.

उन्हाळ्यात साखरशेतला गेले. भावजयीच्या पडवीत जुनं जातं पडलेलं. मी विचारलं, "यावर कधी गहू दळलाय?"

"गहू? साहेबीण तू झालीस बाय, आम्ही नाय!"

दोघींनी मिळून नागली दळली. भाकरी अख्खी उतरली, पोटही गप्प राहिलं. भावजय म्हणाली, "ने हे जातं. इथं आता कोण दळतंय?" जीपमध्ये घालून आणलं. जात्याला समोरासमोर दोघी असल्या की बरं. घरी मी एकटीच ओढायची. समोरची जागा रिकामी.

पार्सलं येतच राहिली. मी ती डब्यांमागे रचत गेले. दिवाळीला मुलगा आला नि लाडू शोधताना त्याला ती दिसली.

"आई, सात पाकिटं! एकही फोडलं नाहीस? मग खातेस काय?"

मी जात्याकडे बोट दाखवलं. तो हसला. त्याच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. "अगं, आधी सांगायचंस ना! गेल्या गेल्या बंद करतो."

पीठ नको, तू येत जा, एवढंच मला म्हणायचं होतं. परत निघताना तो बूट घालेपर्यंत मी ते मनात जुळवत होते. तो उंबऱ्याबाहेर गेला तेव्हा मी म्हटलं, "पीठ नको. पण त्या पीठवाल्यांकडे बिनगव्हाची बिस्किटं असतात ना? ती पाठवत जा."

"तुला कधीपासून बिस्किटं आवडायला लागली?"

"हल्लीच," मी म्हटलं.