मेंढपाळाची तिसरी बाटली

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मला सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवणाऱ्या आमच्या मॅडमचे. मोहोळच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला पदवीधर मी. सोलापूरच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा शौचाच्या बाटलीला हात लावायलाही लाजायचो. मॅडम निवृत्त होईपर्यंत त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर बसून काम शिकलो.

त्या निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ आला. एड्स झालेला, दोन महिने जुलाब, अंगावर नुसती हाडं. दोनदा नमुना तपासला. काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत आणखी एक बघा. नाहीतर आतड्याचा टीबी धरून औषधं सुरू करू." चुकीचं औषध त्या देहाला झेपणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तिसरी बाटली उघडली आणि थबकलो. इतके जुलाब होणाऱ्याचा नमुना घट्ट कसा? आधीच्या नोंदी काढल्या. तिथंही माझ्याच अक्षरात 'घट्ट'. लिहिलं होतं, विचार केला नव्हता.

बाहेर बाकावर तो बायकोशेजारी बसला होता. त्याला विचारलं.

"रोज पातळच हुतंय की सायब. पर तसलं वंगाळ दवाखान्यात कसं आनायचं? दर खेपंला दोन दिस पेजेवर राहिलो, जरा बरं झालं, तवा त्येच आनलं."

बायको डाफरली, "पाव्हण्याला ताट वाढतायसा व्हय? सायबास्नी रोग हुडकायचाय!"

तो ओशाळून हसला. मी म्हणालो, "मामा, मला वंगाळच पाहिजे. आजच द्या, मी थांबतो."

दुपारी नमुना मिळाला. लगेच काचेच्या पट्ट्यांवर त्याचा पातळ थर पसरला, परजीवी उठून दिसावेत म्हणून खास लाल रंग आणि त्यावर निळा रंग दिला. पहिल्या तीन काचांवर काही नव्हतं. जेवायला उठलो नाही. चौथ्या काचेवर निळ्या पार्श्वभूमीवर लांबट, गुलाबी कोष दिसले. साध्या गोळ्यांनी आटोक्यात येणारा परजीवी होता तो.

पंधरा दिवसांनी मॅडमना पत्र टाकलं:

"आदरणीय मॅडम,
आमच्याकडे आलेल्या एका एड्सच्या मेंढपाळाचे दोन महिन्यांचे जुलाब, तिसऱ्या खेपेला परजीवी सापडल्यामुळे, थांबले. टीबीची औषधं द्यावी लागली नाहीत. आधीच्या दोन अहवालांवर माझीच सही होती; माझी चूक डॉक्टरांना मी स्वतः सांगितली. आता बाटली देतानाच प्रत्येकाला सांगतो, की जुलाबाचाच नमुना आणा, घट्ट नमुन्यात रोग सहसा सापडत नाही. घट्ट आला, तर परत पाठवतो. लोक चिडतात, तरी पाठवतो. मामांना पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे. तो नमुना मीच बघणार.
आपला विद्यार्थी"