वर जायचा दिवस
ओल्या रेनकोटचा वास आला की मला चिखला गावाजवळची ती टेकडी आठवते. बाबा मँगनीजच्या भुयारी खाणीतून निवृत्त झालेले. "जिंदगीभर खालीच उतरलो, एकडाव वरून गाव पाहाचं हाये," असं म्हणायचे, म्हणून मी त्यांना पॅराग्लायडिंगला नेलं. हेल्मेट चढवताच त्यांचा हात सवयीने कपाळावरचा दिवा चाचपू लागला. तेवढ्यात वारा फिरला, भुरभुर आली, मग ऊन, मग पुन्हा पाऊस. शेवटी सोबत उडणाऱ्या पायलटने भिजलेलं पॅराशूट गुंडाळून ठेवलं. "चाल, खाली उतरनं त मले येतेच," बाबा हसून म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पुढे झाले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. स्मशानात त्या दिवशी वारा मुळीच नव्हता. धूर सरळ वर गेला.