अब्बांची गन

आमच्या घरात गन हा शब्द कढई-उलथन्यासारखाच आहे. अब्बा इथं बहरीनमध्ये गाड्या रंगवतात. रंग उडवायचं ते पिस्तुलासारखं यंत्र असतं ना, त्याला गॅरेजमध्ये सगळे गनच म्हणतात, आणि तोच शब्द घरी आला. मी शाळेतून आले की अम्मी आतून ओरडायची, "बाल्कनीत जपून जा, गन वाळत घातलीय!" त्या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे हे मला अर्थातच माहीत होतं, पण अब्बांच्या बाबतीत तो कधी डोक्यातच आला नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं जे झालं ते मी मुद्दाम केलं असं कुणाला वाटेल.

गेल्या हिवाळ्यात अब्बांच्या उजव्या हाताची तर्जनी अडकू लागली. सकाळी उठले की ते बोट तळहाताकडे वाकून बसलेलं असायचं, आणि डाव्या हातानं ते सरळ करताना टक् असा आवाज यायचा. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. सुरुवातीला अब्बा त्याची गंमत करायचे. "कुकरची शिट्टी झाली," म्हणायचे. मग एकदा गॅरेजमध्ये पांढऱ्या गाडीचं बॉनेट रंगवताना बोट वेळेवर सुटलंच नाही. रंग येतच राहिला आणि बॉनेटवरून ओघळ उतरला.

गॅरेजचा मालक बहरीनी आहे. माझ्या जन्माआधीपासून तो अब्बांना ओळखतो. तो रागावला नाही. त्यानं अब्बांना फक्त मास्किंगच्या कामावर घातलं, म्हणजे रंग लागू नये म्हणून काचांना कागद आणि टेप लावायचं काम. म्हणाला, "बोट बरं होऊ दे, मग बघू. इंशाल्ला."

अब्बा घरी येऊन तो इंशाल्ला आम्हाला वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवायचे. "असा म्हणाला, की असा म्हणाला? तुमाला काय वाटतं?" अब्बांचा व्हिसा रंगाऱ्याचा आहे. काचेला कागद चिकटवणाऱ्या माणसाला कुणी किती दिवस ठेवेल, हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण अम्मी श्रीवर्धनला फोन करून गावच्या घराच्या पाण्याच्या टाकीची चौकशी करू लागली. बोट सुटलं नाही तर आम्हाला बहरीन सोडावं लागणार, हे मला त्या टाकीवरून कळलं.

जुफैर भागातल्या एका दवाखान्यात हाताच्या डॉक्टर आहेत असं समजलं. अब्बांबरोबर मी गेले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे जिथं इंग्रजी लागेल ते दार मीच ढकलायचं असं ठरूनच गेलंय. मी अकाउंट्स शिकते. ताळेबंद कसा जुळवायचा ते मला थोडंफार येतं, पण शरीरातल्या गोष्टींना मराठीत काय म्हणतात ते फारसं येत नाही. टॅक्सीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

डॉक्टर केरळच्या होत्या. त्यांनी अब्बांच्या बोटाच्या मुळाशी दाबलं, बोट उघडायला लावलं, टक् ऐकलं आणि म्हणाल्या, "ट्रिगर फिंगर."

हे दोन्ही शब्द अब्बांना येत होते. ते चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. "हिला कोणी सांगितलं मी गन चालवतो?"

"अब्बा, ते आजाराचं नाव आहे."

"मराठीत सांग."

मी घाईघाईनं मोबाईलवर शोधलं. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. "घोड्याचं बोट," मी म्हणाले.

"घोड्याला बोटं कुठं असतात?"

"तो घोडा नाही. बंदुकीचा घोडा."

"मग ते बंदुकीला झालं पायजे. मना कसं झालं?" आमच्या घरी 'मला'चं 'मना' होतं, आणि अब्बा वाद घालायला लागले की जास्तच होतं.

काय चाललंय असं डॉक्टरांनी मला विचारलं. हे असं कशामुळे होतं ते वडील विचारताहेत, असं मी सांगितलं. एका अर्थी खरंच होतं ते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. बोटातून एक दोरी जाते, ती एका बारीक कड्यातून सरकते, आणि दोरीवर गाठ आली की ती कड्यात अडकते. हे सांगायला मला कुठलाच पुस्तकी शब्द आठवेना. शेवटी म्हणाले, "अब्बा, लेंग्याची नाडी नेफ्यात अडकते ना, गाठ बसल्यावर? तसं."

"हां," अब्बा म्हणाले. "आता समजलं."

पण मधेच अम्मीचा फोन आला होता, आणि तेव्हा मी सांगितलेलं पहिलंच नाव तिनं धरून ठेवलं होतं. तिनं गावी खालाला, म्हणजे माझ्या मावशीला सांगितलं, घोड्याचं बोट झालंय. खालानं पुढं सांगितलं. संध्याकाळी मामूंचा फोन आला. "या वयात घोड्यावर बसायची काय गरज होती, दाजी?"

अब्बांनी चेहरा गंभीर केला. "अरबी घोडा होता. ऐकतो कुठं?"

"पडलात का लाथ मारली?"

"दोन्ही," अब्बा म्हणाले. अम्मीनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. बोट अडकू लागल्यापासून आम्ही तिघं एकत्र इतकं हसलो नव्हतो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा टक्. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, काम करताना हात नक्की कसा धरता? अब्बांनी पाण्याची बाटली धरून दाखवली, मग माझा मोबाईल धरून दाखवला, मग उठून भिंतीला रंग मारल्याचं नाटक केलं. डॉक्टर बघत होत्या, मान हलवत होत्या, पण त्यांना ते दिसत नव्हतं हे आम्हालाही कळत होतं.

घरी येताना अब्बा म्हणाले, "पुढच्या वेळी गनच नेतो. हातात देतो तिच्या."

यावर अम्मीचा एकच आक्षेप होता. "त्या काचेच्या दवाखान्यात रंगाचं सामान घेऊन जाणार? न्यायचीच तर निदान दिसू तरी देऊ नका." तिनं गन जुन्या टॉवेलात घट्ट गुंडाळली, डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली आणि वर संत्री रचली. म्हणजे लपवून न्यायची कल्पना अम्मीची होती. हे मी तिला अजून ऐकवते.

त्या दिवशी दवाखान्याच्या दारात टेबल टाकून एक गार्ड बसला होता. आधी तो नव्हता. जुफैरमध्ये आरमाराचा तळ जवळच आहे, तिथं अधूनमधून असं काहीतरी कडक होतं, त्यामुळे मला विशेष वाटलं नाही. गार्ड बहरीनी होता, पिकल्या मिशांचा. हिंदी बऱ्यापैकी बोलत होता.

"इस में क्या है?"

"संतरा," अब्बा म्हणाले.

"संतरा के नीचे?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. सरकारी वाटणारा प्रश्न आला की उत्तर मी द्यायचं. मी ताठ उभी राहिले आणि कॉलेजात प्रेझेंटेशन देताना बोलते तसं, सावकाश, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की सर, ही फक्त माझ्या वडिलांची गन आहे, त्यांना ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

'फक्त' हा शब्द मी नम्रपणा म्हणून घातला होता.

रिसेप्शनवरची मुलगी टाईप करायची थांबली. गार्ड इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागं पडली. "हाथ ऊपर!"

अब्बांनी पिशवी सोडून लगेच दोन्ही हात वर केले, संत्री जमिनीवर घरंगळली. नऊ बोटं छताकडे, आणि एक वाकलेलं, बरोबर गार्डकडे रोखलेलं.

"वो सीधा करो!"

"नहीं होता!"

"सीधा करो!"

"अरे बाबा, होता तो यहाँ क्यों आता?"

रांगेतल्या खुर्च्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. मी तेव्हा काय करत होते ते मला नीट आठवत नाही. अब्बा म्हणतात, मी सॉरी सॉरी म्हणत जमिनीवरची संत्री गोळा करत होते. गार्डनं दोन बोटांनी टॉवेलाचं टोक धरून उलगडलं. आतून निळा प्लास्टिकचा कप, रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली मूठ आणि थिनरचा वास बाहेर आला. त्यानं वाकून कप हुंगला.

"रंग?" त्यानं विचारलं.

"रंग," अब्बा हात वर ठेवूनच म्हणाले.

"गाड़ी का?"

"गाड़ी का."

गार्डनं खुर्ची उचलली, तिच्यात बसला, छातीवर हात ठेवला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याकडे बोट नाचवत म्हणाला, "बेटी, गन मफी, गन नहीं! रंग बोलो, रंग! खलास!" आणि अब्बांना, "हाथ नीचे करो, यल्ला, जाओ." अब्बांनी त्याला एक संत्रं दिलं. त्यानं घेतलं.

डॉक्टरांपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. त्या हसू दाबत होत्या. त्यांनी गन हातात घेतली आणि "एवढी जड?" असं म्हणाल्या. मग अब्बांनी मूठ धरली, चाप ओढला आणि सोडायला गेले. बोट तिथंच राहिलं. डॉक्टरांनी ते दोन-तीनदा करून घेतलं, बोटाच्या मुळाशी अंगठा ठेवून. मग मला म्हणाल्या, दिवसभर असं करणाऱ्या हाताला इंजेक्शन पुरणार नाही. छोटासा छेद देऊन ते कडं मोकळं करावं लागेल.

मी सांगितलं. अब्बांचा चेहरा उतरला. मुलाखतीला जाताना माझा होतो तसा. "कापायचं? आणि बोटच गेलं तर, बाय?"

मीही तेवढीच घाबरले होते. अब्बांनी खिशातून पहिल्या भेटीतला चित्राचा कागद काढून उलगडला. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे नेफा जरासा उसवायचा. नाडी मोकळी. असंच ना?"

हे इंग्रजीत कसं सांगितलं ते विचारू नका. पण डॉक्टरांनी टेबलावर हात आपटून सांगितलं की अगदी असंच.

ऑपरेशन लहान होतं. अब्बा जागेच होते, आणि आतल्या नर्सला कुठल्या कंपनीचा रंग उन्हात लवकर उडतो ते सांगत होते, असं नंतर कळलं. मग पट्टी आली, मग व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलं, तपासणीला येताना गन आणत जा, रिकामी, मला हात बघायचा असतो. त्यामुळे ती दर वेळी आमच्याबरोबर जुफैरला आली, टॉवेलात गुंडाळून. अम्मीनं उघडी नेऊच दिली नाही. गार्ड लांबूनच ओरडायचा, "रंग आया?" अब्बा पिशवी थोपटून म्हणायचे, "आया, आया." एकदा गार्डनं स्वतःची गाडी दाखवायला अब्बांना पार्किंगमध्ये नेलं आणि आमचा नंबर निघून गेला.

पण टॅक्सीत अब्बा हसत नसत. बोट सुजलेलं होतं, कडक होतं, आणि टाके निघाल्यावर ते काय करेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरही 'बघू' म्हणायच्या. मालकही 'बघू'च म्हणत होता.

टाके निघाले आणि जखम नीट भरली, त्यानंतरच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, आता ओढा. अब्बांनी चाप ओढला. सोडला. बोट उघडलं, सावकाश, थोडं थरथरत, पण आवाजाशिवाय. अब्बांनी पुन्हा केलं. मग हात कानाशी नेऊन केलं. आम्ही तिघंही ऐकत होतो, आणि काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, जा, कामाला लागा, पण हळूहळू.

मालक म्हणाला, आधी एक दरवाजा रंगवून दाखव. अब्बांनी त्याला विचारलं, घरच्यांना आणू का? तो म्हणाला, आण की.

मी अब्बांना रंगवताना कधीच बघितलं नव्हतं. एवढी वर्षं मी फक्त धुतलेली गन बघितली होती. रंगाच्या खोलीला मोठी काच आहे, तिच्याबाहेर अम्मी, मी आणि मालक उभे राहिलो. आत एका रुपेरी गाडीचा सुटा दरवाजा स्टँडवर टांगलेला होता. अब्बांनी मास्क चढवला. मग ते चालायला लागले, एका बाजूला, खेकड्यासारखे, आणि त्यांचा सगळा हात त्यांच्याबरोबर सरळ रेषेत गेला. दरवाजाचं टोक आलं की बोट उघडायचं आणि फवारा थांबायचा. फुस्स, थांब. फुस्स, थांब. अम्मीनं माझं मनगट धरलं होतं. प्रत्येक टोकाला तिची पकड घट्ट व्हायची आणि मग सैल.

अब्बा बाहेर आले तेव्हा मालक ट्यूबलाइट घेऊन आत गेला. दरवाजासमोर बसला, उकिडवा, मग तिरका झाला, मग खालून वर बघितलं. अब्बा काचेतून त्या ट्यूबलाइटबरोबर मान वळवत होते. मालक उठला. भिंतीशी उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे त्यानं हात केला आणि म्हणाला, "ही तुझी. उद्या सकाळी."

अब्बांनी मला दरवाजाजवळ नेलं. "बघ बाय, तुझे डोळे चांगले हायत. कुठं काय दिसतंय?"

मी खरंच नीट बघितलं, परीक्षेतला पेपर देण्याआधी बघते तसं. "नाही अब्बा. काहीच दिसत नाही."

"मग जमलं."

अम्मी मागून म्हणाली, "चला आता घरी, हाताला आराम द्या. उद्या आहेच की गाडी."

"दिवस हाय अजून," अब्बा म्हणाले. त्यांनी मालकाकडे बघितलं. "दुसरा दरवाजा पण आहे ना या गाडीचा?"

मालकानं अम्मीकडे बघितलं. अम्मीनं कपाळाला हात लावला, पण ती हसत होती. मालकानं दरवाजा आणवला. अब्बांनी मास्क पुन्हा चढवला, खोलीचं दार आतून लावून घेतलं, आणि आम्ही काचेला नाक लावून उभ्या राहिलो.